दिवसा पेशंट, रात्री निऑन-१७: चिबाच्या हायमॅकवरच्या रात्रपाळीचा रिव्ह्यू

घाईत असाल तर रेटिंग आधीच देतो. ५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा स्टार माझ्याच खात्यावर लिहायला हवा.

आता रिव्ह्यू कशाचा, तर जपानमधल्या चिबा शहरात हायमॅक नावाचा, कणांना प्रचंड वेग देणारा अ‍ॅक्सिलरेटर आहे, त्याच्यावर रात्री जो बीम, म्हणजे वेगवान कणांचा झोत, मिळतो त्याचा. लोक मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, गाद्यांचे लिहितात, मग बीमचा का नको, तीपण शेवटी एक सर्व्हिसच आहे, अर्ज करा, वाट बघा, नंबर लागला की जा, आणि मिळालं ते चांगलं होतं की वाईट ते बोंबलत बसा. मी पीएचडीच्या मधल्या वर्षांत एका मोठ्या ग्रुपबरोबर हेल्पर म्हणून गेलो होतो, म्हणजे केबल ओढणे, लॉगबुक लिहिणे आणि रात्री तीन वाजता कोणाला झोप लागली नाही ना ते बघणे. काम होतं प्रोटॉन जास्त असलेल्या विचित्र न्यूक्लियसचं, म्हणजे अणुकेंद्रकाचं, रिअ‍ॅक्शन क्रॉस सेक्शन मोजायचं.

हायमॅक मुळात फिजिक्सवाल्यांसाठी बांधलेलाच नाही. तो कॅन्सरच्या पेशंटसाठी आहे. १९९४ साली तिथे कार्बन आयन (चार्ज असलेले कार्बनचे अणू) वापरून उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या आणि फक्त वैद्यकीय कामासाठी बांधलेला जड आयनांचा असा मोठा अ‍ॅक्सिलरेटर हा जगातला पहिलाच. एकावर एक दोन सिंक्रोट्रॉन रिंगा, आधी लीनॅकमधून (सरळ रेषेतल्या यंत्रातून) न्यूक्लिऑनमागे, म्हणजे दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे, ६ एमईव्हीपर्यंत (एमईव्ही हे एनर्जीचं एकक) ढकलायचं मग रिंगेत फिरवून फिरवून वाढवत न्यायचं, सिलिकॉनपर्यंतच्या आयनांना न्यूक्लिऑनमागे ८०० एमईव्हीपर्यंत नेता येतं. दिवसा पेशंट. फिजिक्स रात्री आणि शनिवार-रविवार. हे मला फार आवडलं. आपल्याकडे शाळेच्या हॉलमधे रात्री नाटकाच्या तालमी चालतात ना, अगदी तसं, सकाळी बाकं जागेवर लावून द्यायच्या बोलीवर.

जायचं सोपं आहे. टोकियोहून सोबू लाइनची रॅपिड पकडायची, इनागेला उतरायचं आणि सरळ चालत सुटायचं. चिबामधे एक मोनोरेल आहे ती रुळावरून नाही, रुळाखाली लोंबकळत जाते, एकदा तरी बसून बघा, मला तर वटवाघळाच्या पोटात बसल्यासारखं झालं. आत जाताना रेडिएशन वर्करचे कागद, ट्रेनिंग, मेडिकल, छातीवर डोसमीटर, हे सगळं आधीच करून ठेवा, तिथे पोचल्यावर बघू म्हणाल तर दारातच बसाल.

मुळात मोजतात काय ते सांगतो, नाहीतर पुढचा रिव्ह्यू डोक्यावरून जाईल.

अंधारात झाडावर कैऱ्या आहेत आणि तुम्ही डोळे झाकून खडे मारताय. शंभरातले किती लागले यावरून कैरी केवढी असेल ते सांगायचं, झाड न बघता. क्रॉस सेक्शन म्हणजे तेवढंच, समोरच्याने तुमच्यासाठी किती जागा अडवली आहे. एकक आहे बार्न, म्हणजे एका सेंटिमीटर चौरसाचे १ वर २४ शून्यं एवढे तुकडे केले तर त्यातला एक. आणि बार्न म्हणजे चक्क धान्याचं कोठार, १९४२ मधे अमेरिकेत पर्ड्यूला काम करणाऱ्या दोघांनी गंमत म्हणून ठेवलेलं नाव, की न्यूक्लियसच्या मानाने हे म्हणजे कोठाराएवढं मोठं टार्गेट झालं. नाव टिकलं. शास्त्रज्ञांचे असले पाचकळ विनोद पाठ्यपुस्तकात जाऊन बसतात आणि मग पोरं परीक्षेत ते घोकतात.

यात आपल्याला रस कशात, तर न्यूक्लियसच्या आकारात. आणि त्यातही खळ्यात. चंद्राला खळं पडतं बघा, तसं काही न्यूक्लियसना पडतं, इंग्रजीत त्याला हॅलो म्हणतात, फोनवरचा नाही. १९८५ साली इसाओ तानिहाता आणि मंडळींनी बर्कलीच्या बेव्हालॅकवर लिथियम-११ चं क्रॉस सेक्शन मोजलं आणि ते इतकं मोठं निघालं की दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून लांब भटकत असणार असं मानावं लागलं. न्यूट्रॉनचं ठीक आहे, त्याला चार्ज नाही, त्याला कोण अडवतंय. प्रोटॉनची गोष्ट वेगळी, गाभा त्याला ढकलतो आणि त्या ढकलाढकलीमुळे बाहेर एक भिंत तयार होते, कुलॉम बॅरिअर, ती प्रोटॉनला फार लांब भटकू देत नाही. म्हणून प्रोटॉनचं खळं झालं तरी फिकट. ते आहे की नाही हेच ठरवायला लोकांची वर्षं जातात.

बोरॉन-८ चंच घ्या. ज्याच्यामुळे सूर्याचे ते जास्त एनर्जीवाले न्यूट्रिनो येतात तो हाच गडी. यातला शेवटचा प्रोटॉन फक्त १३७ केईव्हीच्या (एमईव्हीचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही) आसपास एनर्जीने बांधलेला आहे, म्हणजे लोंबतोयच म्हणा. १९९२ मधे ओसाकाच्या ग्रुपने त्याचा क्वाड्रुपोल मोमेंट (चार्जचा पसारा गोलापासून किती लांबट-चपटा आहे त्याचं माप) मोजला आणि तो एवढा मोठा आला की प्रोटॉनचं खळं म्हणून सगळीकडे चर्चा. पण न्यूक्लिऑनमागे ७९० एमईव्हीच्या आसपासच्या बीमने क्रॉस सेक्शन बघितलं तर शेजाऱ्यांच्या मानाने काही खास वेगळं नाही. मग खरं कोण? दोघंही, झालं फक्त एवढंच की जास्त एनर्जीला प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना कमी अडवतात आणि खळ्याच्या विरळ शेपटीतून बीम सुळकन निघून जातो, शेपटी दिसतच नाही. न्यूक्लिऑनमागे शंभराच्या आत एमईव्हीवर उतरलात की तीच विरळ शेपटी अडवायला लागते. धुक्यातून ट्रक जातो तेव्हा धुकं जाणवत नाही पण उदबत्तीचा धूर त्यात अडकतो, तसं काहीसं, उपमा फार ताणू नका.

म्हणून खरी मजा कमी एनर्जीला, आणि हायमॅकला पहिला पूर्ण स्टार याच्यासाठी. सिंक्रोट्रॉन असल्यामुळे एनर्जी पाहिजे ती मागता येते, वर जा, खाली या, त्याच बीमलाइनवर तेच डिटेक्टर ठेवून. एकाच न्यूक्लियसचं क्रॉस सेक्शन चार एनर्जींना मोजलं की शेपटी कुठून सुरू होते ते उलगडायला लागतं, एकाच एनर्जीच्या आकड्यावरून नुसती त्रिज्या मिळते, आकार नाही.

आमचा हिरो होता निऑन-१७. दहा प्रोटॉन, सात न्यूट्रॉन, अर्धायुष्य १०९ मिलिसेकंद. ऑक्सिजन-१५ चा गाभा आणि बाहेर दोन प्रोटॉन, आणि त्यातला एक काढला तर राहतो फ्लोरिन-१६, जो टिकतच नाही. तिघं मिळून उभे, एकाने हात सोडला की सगळे पडणार, दहीहंडीचा वरचा थर. दोन प्रोटॉन काढायला ९३३ केईव्ही पुरतात. नव्वदच्या दशकात न्यूक्लिऑनमागे ७०० एमईव्हीच्या घरात मोजलं तेव्हा त्याचं क्रॉस सेक्शन त्याच्या आरशातल्या भावापेक्षा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनचे आकडे उलटे असलेल्या नायट्रोजन-१७ पेक्षा, जास्त आलं होतं. २००८ मधे लेझरने त्याची चार्जची त्रिज्या मोजली, ३.०४ फेम्टोमीटरच्या (मीटरच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) आसपास, आणि २०१० साली जपानी ग्रुपने कमी एनर्जीच्या क्रॉस सेक्शनवरून त्याची घनता काढून शेपटी लांब आहे असं छापलं. म्हणजे आम्ही काही अमेरिका शोधायला निघालो नव्हतो, वाट मळलेली होती.

निऑन-१७ दुकानात मिळत नाही. निऑन-२० चा बीम घ्यायचा, बेरिलियमच्या तुकड्यावर आपटायचा, जे काय फुटून निघेल त्यातून आपला माल चाळायचा. चुंबकातून वळवलं की वेग आणि वजन-चार्जच्या गुणोत्तरावर पहिली चाळण, मग मधे अ‍ॅल्युमिनियमची पाचर ठेवायची, तिच्यातून जाताना ज्याचा चार्ज जास्त त्याची एनर्जी जास्त जाते, मग परत चुंबक, दुसरी चाळण. तरी ऑक्सिजन-१५ सारखी मंडळी सोबत येतातच, तांदळात खडे येतात तसे. त्यांना मग उडायला लागलेला वेळ आणि पातळ डिटेक्टरमधे टाकलेली एनर्जी बघून एकेक ओळखायचं. स्क्रीनवर ठिपक्यांचे पुंजके दिसतात, तो डावीकडे वर बारकासा पुंजका दिसला की समजायचं आपला पाहुणा आला. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला. बाबांचा रिप्लाय आला, स्क्रीन पुसून घे.

ही सेकंडरी बीमलाइन मूळची अशासाठी की किरणोत्सारी कार्बन-११ चा बीम करून तो शरीरात नेमका कुठे थांबतो ते पॉझिट्रॉनच्या खुणेवरून बघता यावं. त्या सोयीचा फायदा आमच्यासारख्यांना. म्हणून ती फिजिक्ससाठी वेगळ्या बांधलेल्या जागांएवढी लांबलचक नाही, वेळ मोजायचं अंतर मर्यादित, जागा मर्यादित, दोन जणांनी एकाच वेळी वाकायचं म्हटलं तर डोकी आपटतात. वाको शहरातल्या राइकेन संशोधन संस्थेची बिगरिप्स ही बीमलाइन यापेक्षा कितीतरी तगडी, तिथे युरेनियमसुद्धा न्यूक्लिऑनमागे ३४५ एमईव्हीने येतो. अतिदूरचे न्यूक्लियस पाहिजे असतील तर तिकडेच रांग लावा. पण ड्रिपलाइनच्या (जिच्यापलीकडे न्यूक्लियस बांधलेला राहत नाही त्या सीमेच्या) कडेवरचे हलके न्यूक्लियस आणि तेही निवांतपणे चार एनर्जींना मोजायचे असतील तर मला विचाराल तर चिबा.

आता कापलेल्या स्टारचा एक भाग. बीम सलग येत नाही. हापशाच्या पाण्यासारखा येतो, साधारण ३.३ सेकंदाचा एक फेरा, थोडा वेळ भळाभळा मग शांत, परत भळाभळा. सरासरी सेकंदाला ५० कण म्हणजे फार नाही असं वाटतं, पण ते सगळे त्या फवाऱ्यात दाटून येतात, दोन कण एकदम घुसले तर डिटेक्टरला एकच मोठा वाटतो, ते वेगळे करून फेकायला नंतर आठवडे जातात. यात तिथल्या कोणाचा दोष नाही, सिंक्रोट्रॉनची जातच ती. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून सांगतोय. सायक्लोट्रॉन या दुसऱ्या जातीच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना हा त्रास नसतो आणि ते त्याबद्दल जेवताना बोलतातही.

मोजणीची पद्धत ऐकायला इतकी सोपी की लाज वाटते. ट्रान्समिशन पद्धत म्हणतात. दिवे घाटाच्या पायथ्याला वारकरी मोजा, वर परत मोजा, जे वर आले नाहीत ते घाटात कुठेतरी थांबले. पायथ्याला एकेक निऑन-१७ ओळखून मोजायचा, मधे ग्राफाइटची पाटी, मागे परत ओळखायचं की तोच निऑन-१७ धड बाहेर आला का. आत किती, बाहेर किती, गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्या, पाटीतल्या अणूंच्या संख्येने भागा, झालं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अरे हे तर आपल्या सोसायटीचा वॉचमन करतो, आत किती गाड्या बाहेर किती. मी म्हटलं हो गं साधारण तेच. त्या वेळी मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

घोळ इथे आहे. मागचा डिटेक्टर म्हणजे सोडियम आयोडाइडचा ठोकळा, कण त्यात थांबतो आणि सगळी एनर्जी टाकतो, त्यावरून ओळख पटते. पण पाटीतून सहीसलामत सुटलेला निऑन-१७ त्या ठोकळ्यातच कुठल्यातरी न्यूक्लियसला धडकला तर? एनर्जी कमी दिसणार आणि आपण म्हणणार हा पाटीत फुटला. घाट चढून आलेला वारकरी मोजणाऱ्याच्या टेबलापाशीच चहाला वळला आणि आपण लिहिलं घाटात हरवला. याला एकच उपाय, पाटी काढून टाका आणि तीच मोजणी परत करा. रिकाम्या टार्गेटची. वर आणखी कटकट अशी की पाटी काढली की कण जास्त एनर्जीने मागे पोचतो आणि मग ठोकळ्यात जास्त आत जाऊन जास्त धडकतो, म्हणून रिकाम्या वेळी आधीच कुठेतरी तेवढीच एनर्जी खाणारा तुकडा लावायचा म्हणजे दोन्ही वेळेला मागे सारखाच कण पोचेल.

आणि कमी एनर्जीला पाटी जाड घेता येत नाही हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. न्यूक्लिऑनमागे ४०० एमईव्हीला एक सेंटिमीटर ग्राफाइट लावा, म्हणजे १.८ ग्रॅम दर चौरस सेंटिमीटर, निऑन-१७ न्यूक्लिऑनमागे तिशीच्या आतबाहेर एमईव्ही गमावून निघून जातो आणि शंभरातले नऊएक धडकतात, मस्त. तीच पाटी ६० एमईव्हीला लावली तर तो आतच थांबतो, बाहेर काही येतच नाही. मग मिलिमीटरभर, ०.२ ग्रॅम. यात सोप्या हिशेबाला क्रॉस सेक्शन एक बार्न धरला तर धडकतो शंभरात एक.

माझा पराक्रम ऐका. रन प्लॅनचा पहिला खर्डा मला करायला दिला होता. मी हिशेब केला, हजारात दहा धडकणार, २ टक्के अचूकता पाहिजे म्हणजे अडीच हजार धडका, म्हणजे अडीच लाख कण, सेकंदाला ५० म्हणजे दीड तासाच्या आत काम खलास. शेजारी रिकाम्यासाठी वीस मिनिटं लिहिली, तीसुद्धा उपकार केल्यासारखी. आमच्या सीनियर बाईंनी कागद बघितला, काही बोलल्या नाहीत, पेन घेऊन खाली दोनच आकडे लिहिले, २० आणि ३०. म्हणजे रिकाम्यातही हजारात वीस हरवल्यासारखे दिसतात, ठोकळ्यात धडकून. पाटी लावली की तीस. तुझा सगळा सिग्नल म्हणजे या दोघांतले दहा. आणि वजाबाकी केली तरी चुका वजा होत नाहीत, बेरीज होतात, तीसची आणि वीसची दोन्ही. परत कर हिशेब.

परत केला. पाटी लावून साडेबारा लाख आणि रिकाम्याचे साडेबारा लाख. सेकंदाला ५० ने सात तास आणि सात तास. दीड तासाचं काम दोन पूर्ण रात्रींचं झालं आणि त्यातली एक पूर्ण रात्र काहीच न लावता! आणि हे एका एनर्जीचं, एका टार्गेटचं. बेरिलियम, अ‍ॅल्युमिनियम अजून बाकीच.

पण मी सुधारलो का, तर नाही लगेच. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री शिफ्ट माझ्याकडे होती, रिकामी रन चालू, स्क्रीनवर तेच तेच, पहाटेचे साडेतीन, आणि मला वाटलं पुरे झालं की, पाटी लावून थोडे जास्तीचे कण घेऊ, बाई खूश होतील. दीड तास आधीच रिकामी रन बंद केली. नंतर अ‍ॅनालिसिसमधे त्या एनर्जीच्या आकड्याची एरर बार (आकडा किती चुकू शकतो ते दाखवणारी रेघ) बाकीच्यांपेक्षा जाड आली ती माझ्यामुळे, ग्राफवर आजही मला ती लांबून ओळखू येते, पोटात जेवण बसल्यासारखी. बाई रागावल्या नाहीत. फक्त लॉगबुकमधे त्या ओळीसमोर त्यांनी छोटासा शून्य काढून ठेवला होता. तो अर्धा स्टार माझ्या खात्यावर म्हणालो तो हा.

ग्राफाइटच्या पाटीची एक तक्रार आहे पण ती हायमॅकची नाही, ज्या दुकानातून आमच्या ग्रुपने पाट्या मागवल्या त्यांची, नाव घेत नाही. लेबलवर लिहिलेली जाडी आणि मायक्रोमीटरने मोजलेली जाडी जुळत नव्हती, कडेला एक आणि मधे वेगळी. पाटीच्या जाडीत एक टक्का चूक म्हणजे सरळ क्रॉस सेक्शनमधे एक टक्का चूक, तुम्ही कितीही लाख कण मोजा ती जात नाही. शेवटी वजनकाटा आणि क्षेत्रफळ, जाडी बाजूला ठेवून वजन भागिले क्षेत्रफळ. आणि ग्राफाइट सच्छिद्र असतं, हवेतला ओलावा पितं, म्हणून आधी सुकवून घ्या, पापड वाळवता तसं उन्हात नको अर्थात.

दुसऱ्या टोकाला थिअरी. मोजलेल्या आकड्यावरून घनता काढायला ग्लॉबरचं मॉडेल लागतं, ज्यात कण सरळ रेषेत जातो असं धरतात. कमी एनर्जीला हे खोटं, चार्ज एकमेकांना ढकलतात आणि रस्ता वाकतो. मी लायब्ररीत संदर्भ उघडत गेलो आणि एका पेपरवर थबकलो, १९९० चा, चारगी आणि गुप्ता, पत्ता भाभा अणुसंशोधन केंद्र, ट्रॉम्बे. कुलॉमच्या ढकलण्याचा हिशेब धरून सुधारलेलं ग्लॉबर मॉडेल आणि न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन क्रॉस सेक्शनची सुटसुटीत सूत्रं, जी जगभरचे ग्रुप आजही वापरतात. माझं बालपण चेंबूरचं. ज्या सूत्रावर आम्ही चिबामधे बसून डोकं फोडत होतो ते आमच्या घरापासून बसच्या अंतरावर लिहिलं गेलं होतं आणि मला ते कळायला जपानला यावं लागलं. जपानी मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि विचारलं चेंबूर कुठे आहे.

थिअरीवर भरवसा किती ठेवायचा त्याची एक गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, अ‍ॅल्युमिनियम-२३ ची. २००२ मधे चीनच्या लांजोवमधल्या ग्रुपने त्याचं क्रॉस सेक्शन मोजलं, शेजाऱ्यांपेक्षा चांगलंच मोठं आलं, प्रोटॉनचं खळं म्हणून जाहीर केलं. आणि इथे खळं मोठं व्हायला शेवटचा प्रोटॉन एस नावाच्या कक्षेत असावा लागतो, डी कक्षेत असला तर आणखी एक भिंत मधे येते, तो बाहेर पसरत नाही. मग २००६ मधे जपानी ग्रुपने बीटा-एनएमआर या पद्धतीने चुंबकीय गुणधर्म मोजून न्यूक्लियसचा स्पिन (फिरण्याचं माप) ५/२ ठरवला, म्हणजे प्रोटॉन मुख्यतः डी कक्षेतला. लगेच वर्षभरात राइकेनला क्रॉस सेक्शन आणि मोमेंटम दोन्ही एकत्र मोजून परत तपासणी. मला यात लांजोववाल्यांची चूक वगैरे वाटत नाही, आकडा मोठा आला तो आला, त्यांनी छापला. पण एकट्या क्रॉस सेक्शनवर खळं जाहीर करायचं म्हणजे चंद्र न बघता नुसत्या उजेडावरून तिथी सांगायची, कधी जमतं कधी नाही. म्हणून मी आता कुठलाही प्रोटॉन हॅलोचा पेपर वाचताना आधी दोन गोष्टी बघतो, स्पिन कोणी वेगळा मोजलाय का, आणि रिकाम्या टार्गेटला किती वेळ दिला होता. दुसरी गोष्ट बऱ्याच पेपरात लिहिलेलीच नसते, याचा मला भयंकर राग येतो.

जेवणाखाण्याबद्दल दोन शब्द, कारण रात्रपाळीत तेच आठवतं. रात्री कोनबिनी, म्हणजे तिथलं चोवीस तास उघडं दुकान, जिंदाबाद. शाकाहारी असाल तर उमेबोशी ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेलं फळ घातलेली भाताची मूद, आंबटखारट, आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची लांबची मावशी. पण साध्या दिसणाऱ्या गोष्टींतही माशाचा अर्क असतो, पाकिटावरची कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, कोणाकडून तरी वाचून घ्या. मी मेतकूट आणि पोह्याचा चिवडा नेला होता. चिवडा कंट्रोल रूममधे पहिल्याच रात्री संपला, मेतकुटाला कोणी हात लावला नाही, प्रोटॉनच्या शेपटीसारखं ते एकटंच लांब राहिलं.

कंट्रोल रूममधल्या लोकांना मात्र पाचच्या पाच. एनर्जी बदला म्हणून फोन केला की रात्री दोनलाही तेवढ्याच अदबीने हो म्हणतात. आणि मी जेवढ्या रात्री होतो त्यात बीम स्थिर होता, आमच्या दिरंगाया सगळ्या आमच्याच, एक केबल उलटी लावलेली आणि एका डिटेक्टरचं व्होल्टेज चालूच न केलेलं, ते कोणी केलं ते सांगत नाही पण चिवडा त्यानेच आणला होता.

कापलेल्या स्टारचा उरलेला भाग वेळेचाच. रात्र म्हणजे रात्र. तुमचा आकडा अर्ध्यावर असो की एरर बार तीन टक्क्यांवर लटकलेली असो, सकाळी बीम पेशंटचा. यावर कुरकुर करायला तोंड उघडलं तरी आवाज निघत नाही. एका सकाळी सामान आवरून बाहेर पडत होतो, डोळे चुरचुरत, मनात त्या गेलेल्या दीड तासाचा हिशेब, आणि समोरून एक आजोबा काठी टेकत दाराकडे येत होते, नीट इस्त्रीचा शर्ट, बरोबर बहुतेक मुलगी. उपचाराला की नुसतं तपासायला ते काय माहीत. त्यांनी मला वाकून सकाळचा नमस्कार केला, मीही वाकलो, पाठीवरच्या सॅकमधून मेतकुटाचा डबा खडखडला.

पुढच्या वेळेसाठी आम्ही रात्री मागितल्यात त्यात निऑन-१७ ला सहा आहेत. त्यातल्या तीन रिकाम्या. प्लॅन मीच लिहिलाय, आणि यावेळी बाईंनी कागदावर पेन टेकवलं नाही.